संगणक चालू, घर शांत

मांडव्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. सप्रेम जयभीम करून त्या लिहितात: "घर दोन खोल्यांचे. माझे मिस्टर किनाऱ्यावरच्या एका बंगल्यावर रात्रपाळीला वॉचमन आहेत. सकाळी आठला घरी येतात नि दुपारपर्यंत झोपतात. मुलगी बारावीला आहे. सासूबाईंना सिनेमाची फार आवड. भिशी लागली तेव्हा ४३ इंची टीव्ही घेतला. भाच्याने ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर आणून त्याला जोडून दिला. सिनेमा छान दिसतो, पण डबा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. त्या घरघरीवर ऐकू यावे म्हणून टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. मग मिस्टरांची झोप मोडते आणि मुलगी पुस्तके घेऊन शेजारी जाते. भाचा म्हणतो नवीन असेंबल करू, तीन पंख्यांचा, लाइटवाला कॅबिनेट घेऊ. पैसे एकदाच घालता येतील. काय घ्यावे ते सांगा."

ताई, तुमच्यासारखा प्रश्न पुष्कळ घरांत आहे. ज्यांच्या घरी सिनेमा पाहायला वेगळी खोली असते ते दार लावून घेतात. आपल्याकडे ज्या खोलीत टीव्ही, त्याच खोलीत कोणी झोपलेले असते आणि कोणी अभ्यास करत असते. म्हणून आपल्या घरात संगणक शांत असणे ही चैन नाही. ती रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोप आहे आणि बारावीच्या मुलीचा अभ्यास आहे. हे ध्यानात ठेवूनच एकेक भाग निवडू.

आवाज येतो कुठून?

संगणक जी वीज खातो तिची शेवटी उष्णताच होते. ती बाहेर काढायला पंखा लागतो आणि पंखा आवाज करतो. म्हणजे आवाजाचे मूळ पंख्यात नाही, उष्णतेत आहे. भाच्याच्या सल्ल्यात चूक आहे ती इथेच. आधी तापणारे यंत्र घ्यायचे आणि मग ते थंड करायला तीन पंखे विकत घ्यायचे, हा उलटा हिशेब झाला. मुळात कमी तापणारे यंत्र घेतले तर पंख्याचे पैसेही वाचतात आणि आवाजही.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. रात्रीची निवांत खोली साधारण ३० डेसिबल, आपले नेहमीचे बोलणे ६० च्या आसपास. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आवाज १० डेसिबलने उतरला की कानाला तो साधारण निम्मा वाटतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून एक मोठा पंखा हळू फिरवणे हे छोटा पंखा जोरात फिरवण्यापेक्षा केव्हाही बरे. १२० मिलिमीटरच्या पंख्याचा घेर ८० मिलिमीटरच्या पंख्याच्या सव्वादोन पट जागा व्यापतो, त्यामुळे तेवढाच वारा तो कितीतरी कमी वेगाने देतो.

कोणी म्हणेल, आपल्या डोक्यावर छताचा पंखा बारा महिने फिरतोच, मग डब्याच्या आवाजाचे काय एवढे? छताच्या पंख्याचा आवाज जाड आणि एकसारखा असतो, कान त्याला सरावतो. डब्यातल्या छोट्या पंख्याचा आवाज बारीक, किरकिरा असतो, आणि सिनेमातल्या प्रसंगाप्रमाणे तो वरखाली होतो. झोप मोडते ती या चढउताराने.

मांडव्याच्या वाचकांना 'अग्निपथ' (१९९०) आठवत असेल. त्यातल्या नायकाचे गाव मांडवा, आणि त्या सिनेमाने हे नाव देशभर पोहोचवले. अमिताभ बच्चन यांनी त्यात आवाज मुद्दाम घोगरा ठेवला होता. प्रेक्षकांना वाटले, थिएटरचे यंत्रच बिघडले आहे, आणि मग नेहमीच्या आवाजात संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करून घ्यावे लागले, असे सांगतात. पुढे त्याच भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रेक्षकाचा कान असा असतो. यंत्राची खरखर आहे असे वाटले की सिनेमातून लक्ष उडाले. आता 'कोर्ट' (२०१४) सारखा चित्रपट घ्या. संथ, लांबच लांब दृश्ये, माणसांचे साधे बोलणे. घरघरणाऱ्या डब्यावर असा चित्रपट कळणारच नाही.

आधी गरज ठरवा

टीव्ही स्मार्ट असेल आणि फक्त सिनेमेच पाहायचे असतील तर संगणक घेऊच नका. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावा. यापेक्षा शांत आणि स्वस्त दुसरे काही नाही. मात्र मुलीच्या अभ्यासाला, फॉर्म भरायला, टंकलेखनाला संगणक हवाच असेल तर तोच टीव्हीला जोडण्यात शहाणपण आहे. पत्रावरून तुमची गरज दुसऱ्या प्रकारची दिसते.

तुमचा जुना डबा सिनेमा लावल्यावरच का ओरडतो, तेही समजून घ्या. सिनेमाची फाइल दाबून, आवळून भरलेली असते. दाखवताना ती उलगडावी लागते. अलीकडच्या प्रोसेसरमध्ये या उलगडण्यासाठी वेगळा छोटा विभाग असतो आणि तो अगदी थोड्या विजेत काम करतो. जुन्या प्रोसेसरला नव्या पद्धतीची फाइल दिली की हे काम सबंध प्रोसेसरला मान मोडून करावे लागते. तो तापतो, पंखा धावतो. हमालाला ओझे द्यायचे तर डोक्यावर चुंबळ हवी, तसेच हे.

म्हणून दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न हा: 'हा प्रोसेसर एचईव्हीसी दहा बिट आणि व्हीपी नाइन स्वतः उलगडतो का?' इंटेलच्या सातव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर हे करतात. एव्ही वन नावाची त्याहून नवी पद्धत आहे, ती इंटेलच्या अकराव्या पिढीपासून चालते. 'गिगाहर्ट्झ किती' हा प्रश्न आपल्या कामाला दुय्यम आहे.

भाग एकेक करून

प्रोसेसर: दोन रस्ते आहेत. पहिला, इंटेल एन१००. हा जानेवारी २०२३ मध्ये आला. चार कोअर आहेत आणि उष्णतेची नेमून दिलेली मर्यादा फक्त ६ वॉट. वर सांगितलेल्या तिन्ही पद्धतींच्या फाइली तो स्वतः उलगडतो. मदरबोर्डवर कायमचा बसवलेलाच मिळतो. त्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा हीट सिंक असतो आणि पंख्याशिवाय चालणारे बोर्ड निघतात. एसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स हा असा एक बोर्ड आहे. त्याला लॅपटॉपसारखा १९ व्होल्टचा अडॅप्टर थेट लागतो. एन१०० चे तयार छोटे डबेही मिळतात, पण त्यांतल्या पुष्कळांत बारीक पंखा असतो आणि छोटा पंखा किरकिरतो हे वर आलेच आहे. 'फॅनलेस आहे का' हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरा रस्ता, मोठ्या ऑफिसांतून निघालेले वापरलेले छोटे डबे. डेल, एचपी, लेनोव्हो यांचे जाड पुस्तकाएवढे संगणक सेकंडहँड बाजारात येतात. त्यांत नावाच्या शेवटी 'टी' असलेला, ३५ वॉटचा प्रोसेसर पाहा. उदाहरणार्थ आय५-८५००टी. यात पंखा असतो, पण सिनेमा चालू असताना काम हलके असल्याने तो हळू फिरतो. आठव्या पिढीच्या खालचा मात्र घेऊ नका. विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. विंडोजचे पैसे वाचवायचे असतील तर लिनक्स मिंट फुकट आहे. त्यावर सिनेमासाठी व्हीएलसी किंवा कोडी आणि मुलीच्या लिखाणासाठी लिब्रे ऑफिस, तेही फुकट.

रॅम: ८ जीबीची एक पट्टी पुरे. २०२५ च्या अखेरीपासून जगभर रॅमचे भाव चढले आहेत, म्हणून गरजेपेक्षा जास्त घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. बोर्डला डीडीआर४ लागते की डीडीआर५ ते आधी पाहा. एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

डिस्क: संगणकाच्या आत फिरणारी हार्ड डिस्क नको. तिची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे मारते. तिचा गुणगुणाट कॅबिनेटच्या पत्र्यात उतरतो आणि पत्रा ढोलासारखा घुमतो. आत २५६ जीबीची एसएसडी बसवा. तिच्यात हलणारे काहीच नाही. सिनेमांचा साठा मोठा असेल तर यूएसबीची छोटी, अडीच इंची बाहेरची डिस्क ठेवा. पाहताना लावायची, झाले की कपाटात. ती टेबलावर ठेवताना खाली जाड रबराचा तुकडा घाला, घुमणे थांबते.

एसएमपीएस: नेहमीच्या कॅबिनेटमधल्या स्वस्त एसएमपीएसचा पंखा हा घरघरीचा अर्धा वाटेकरी असतो. १५ वॉट खाणाऱ्या यंत्राला ४५० वॉटचा एसएमपीएस म्हणजे दोन माणसांच्या भातासाठी लग्नाचे पातेले. लॅपटॉपसारखा बाहेरचा, ६५ वॉटचा अडॅप्टर घ्या. त्याला पंखा नसतो. मात्र नावाजलेल्या कंपनीचाच घ्या. हलक्या अडॅप्टरमधून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि स्पीकरमध्ये गुणगुण उतरते.

कॅबिनेट: लहान, आणि वर-खाली भरपूर भोके असलेला. पंखा नसला की गरम हवा आपोआप वर जाते. तिला वाट मोकळी पाहिजे. वर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर फुलदाणी ठेवली की वाट बंद झाली. टीव्हीच्या पाठीला डबा चिकटवतात, तसे करायचे असेल तर मध्ये दोन बोटांची फट ठेवा. टीव्हीची पाठही तापते.

आवाजाचे यंत्र: होम थिएटर म्हटले की पाच-सहा स्पीकर डोळ्यापुढे येतात. दहा बाय बाराच्या खोलीत त्यांची गरज नाही. टीव्हीच्या दोन बाजूंना, बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर दोन चांगले स्पीकर ठेवा. बोलणे स्वच्छ आले की आवाज वाढवावा लागत नाही. सबवूफर टाळाच. त्याचा धमधमाट भिंतीतून शेजारच्या घरात आधी पोहोचतो.

उन्हाळ्याचा हिशेब

पंख्याशिवाय यंत्र मे महिन्यात टिकेल का, ही शंका रास्त आहे. हिशेब सोपा आहे. समजा हीट सिंक असा आहे की दर वॉटमागे तो २ अंशांनी तापतो. प्रोसेसरने १५ वॉट खाल्ले तर तो खोलीपेक्षा ३० अंशांनी गरम राहील. खोली ३५ अंश असेल तर प्रोसेसर ६५ अंशांवर. ही उष्णता प्रोसेसरला सहज पेलते. हाच हीट सिंक ३५ वॉटच्या प्रोसेसरवर पंख्याविना लावला तर पूर्ण भारावर आकडा १०५ वर जातो, आणि तिथे यंत्र स्वतःच मंदावते किंवा बंद पडते. म्हणून पंखा काढायचा तो ६ वॉटवाल्याचा. ३५ वॉटवाल्याचा पंखा हौसेने काढू नये.

विजेचेही पाहा. तुमच्या जुन्या डब्यासारखा ८० वॉट खाणारा संगणक रोज चार तास चालला तर महिन्याला ९.६ युनिट होतात. १५ वॉटचा तेवढाच चालला तर १.८ युनिट. फरक दरमहा बिलात दिसतो.

मांडव्याची हवा

आता खास किनाऱ्याच्या वाचकांसाठी. खाऱ्या वाऱ्यातून मिठाचे बारीक कण येतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, आणि मदरबोर्डवरच्या बारीक जोडांवर असा ओला थर बसला की तांबे हिरवे पडते, पत्रा गंजतो, वीज नको तिथून झिरपते. पंखा हेच मीठ दिवसभर आत ओढत असतो. म्हणजे पंखा नसल्याचा फायदा किनाऱ्यावर दुहेरी आहे. घर शांत राहते आणि यंत्राच्या पोटात खारी हवा कमी जाते.

त्यातूनही काळजी घ्यावी. समुद्राकडच्या खिडकीखाली यंत्र ठेवू नका. पावसाळ्यात ते आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका, रोज तासभर तरी चालू द्या. आतल्या उबेने ओल सुकते. लांब गावी जाणार असाल तर यंत्र कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करून ठेवा.

विजेचा भरवसा आपल्या किनाऱ्यावर कमीच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. एवढे संकट रोज येत नाही, पण दिवे मिचमिचणे रोजचेच. १५ वॉटच्या यंत्राला छोटा ६०० व्हीएचा यूपीएस पुष्कळ होतो. टीव्ही मात्र त्यावर टाकू नका. वीज गेल्यावर यूपीएस टीं-टीं करतो. ते बंद करायची सोय आहे का ते दुकानातच विचारा, नाहीतर झोपमोड यूपीएस करेल. इन्व्हर्टर घ्यायचा असेल तर साइन वेव्हचा घ्या. स्क्वेअर वेव्हवर पंखे आणि स्पीकर गुणगुणतात. आणि भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे की नुसतेच भोक आहे, हे वायरमनकडून तपासून घ्या. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की पिन आणि केबल, दोन्ही काढून ठेवायची.

खरेदीला जाताना

लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनजवळ. सुटे भाग घ्यायला मुंबईचा हाच जुना बाजार. मांडव्याच्या माणसाला मात्र सदोष वस्तू परत करायची म्हणजे लाँचचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी गेली. म्हणून सगळे एकाच दुकानातून घ्या, तिथेच जोडून, चालू करून दाखवायला सांगा.

जाताना पेन ड्राइव्हवर एक मोठी, एचईव्हीसी पद्धतीची सिनेमाची फाइल घेऊन जा. ती दुकानातल्या यंत्रावर लावा आणि टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरवरचा भार पाहा. १०–२० टक्क्यांच्या आसपास असेल तर उलगडण्याचा छोटा विभाग काम करतो आहे. ८०–९० दिसले तर वस्तू आपल्या कामाची नाही, किंवा सेटिंग चुकले आहे. बाजाराच्या गलक्यात पंखा ऐकू येणार नाही, तेव्हा कान डब्याला लावा. लाज वाटू देऊ नका, पैसे आपले आहेत. प्रत्येक भागाची पावती, तिच्यावर भागाचा नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या.

गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो सुरू झाली आहे, तीही समुद्र फार खवळला तर थांबते. म्हणून खरेदी मे महिन्याच्या आत उरकावी, म्हणजे काही बदलून आणायचे झाले तर हातात दिवस राहतात. येताना खोके प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि आत बसा. कठड्याला टेकून बसलात तर खारे तुषार थेट खोक्यावर.

जुन्या डब्याचे काय?

तो भंगारात घालू नका. पंख्यावरची धूळ ब्रशने काढा, प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यामधली वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावून घ्या, हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवा. नुसत्या लिहिण्या-वाचण्याच्या कामाला तो बऱ्यापैकी शांत होईल आणि आतल्या खोलीत मुलीच्या उपयोगी पडेल. ताई, आम्ही तर म्हणू, आधी हेच करा. खर्च थोडा आहे. एवढ्याने घरातले भागले तर भिशीचे पैसे मुलीच्या पुढच्या प्रवेशासाठी राहू द्या. नाही भागले तर एसएसडी काढून नव्या यंत्रात बसवता येते. फक्त नवा बोर्ड ठरवताना त्यात साटाची जागा आहे ना, एवढे पाहून घ्या.

भाच्यालाही सांगा, त्याची हौस वाया जाणार नाही. जोडणीचे काम त्यानेच करावे आणि मुलीला शेजारी बसवून करावे. कोणता भाग काय काम करतो हे तिला कळले तर पुढल्या दुरुस्तीला मुंबई गाठावी लागणार नाही.